मदत हवी आहे: पहिलं सिझर झालंय, दुसरी डिलिव्हरी नॉर्मल होऊ शकते का? (चोपडा-जळगाव भाग)

नमस्कार, पहिल्यांदाच विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सासर चोपडा तालुक्यात, माहेर शिरपूरकडचं. मोठा मुलगा अडीच वर्षांचा, तो सिझरचा. आता परत दिवस गेलेत, सातवा लागलाय, तारीख वैशाखात, म्हणजे ४४ डिग्रीत बाळंतीण होऊन खोलीत बसायचं, ते दुखणं वेगळंच. परवा तपासणीला गेले तर डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी फाईल बघितली आणि म्हणाले पहिलं सिझर ना, मग ३८ आठवडे झाले की या, करून टाकू. मी म्हटलं नॉर्मल करून बघता नाही का येणार, तर एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, रिस्क कशाला घेता. झालं, दोन मिनिटांत बाहेर. बाहेर पंचवीस-तीस बाया बसलेल्या, त्यांचीही घाई कळते मला, पण पोट माझं कापायचंय ना.

खरं सांगू का, मला पहिल्या सिझरचंच कोडं सुटलेलं नाही. रात्री कळा सुरू झाल्या, आईने लगेच दवाखान्यात नेलं, पिशवीचं तोंड ३ सेंटीमीटर उघडलंय म्हणाले, सलाईनमधून कळा वाढवायचं औषध लावलं, आणि सकाळी सांगितलं की तोंड उघडत नाहीये, सिझर करावं लागेल. यांनी सही केली. बाळाचे ठोके कमी झाले होते का, पाणी गेलं होतं का, कोणी काही बोललं नाही. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ, नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर, म्हणजे बाळंतपण पुढे सरकलं नाही.

यांनी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे काढून दाखवले, देशभरात सरकारी दवाखान्यात १४.३ टक्के सिझर आणि खासगीत ४७.४. बाई तीच, फक्त दार बदललं की एवढा फरक पडतो का?

आता दुसरी बाजू. घरात मी एवढं विचारलं तर सासूबाईंना वाटलं मला दवाखानाच नको. म्हणे "आमना येळले कोठे व्हतं हाई सिझर-बिझर, सात पोरं घरमाच व्हयनात." त्या सातातली पाचच राहिली हेही त्याच सांगतात, पण ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विषयावर बोलताना. आणि नंदोई रोज व्हॉट्सअपवर व्हिडिओ पाठवतात, पहिल्या दिवशी बाळाला सुया कशाला टोचतात, सगळा कंपन्यांचा धंदा. मला तिकडे जायचं नाही हो. घरी बाळंत व्हायचं नाहीये मला, फक्त माझ्या पोटाबद्दल नीट सांगणारं कोणी हवंय. तर

कोणाचं सिझरनंतर नॉर्मल झालंय का आपल्या भागात? डॉक्टरांना न दुखावता दुसरा सल्ला कसा घ्यायचा? आणि त्या पहिल्या दिवसाच्या सुयांचं खरं काय?

— चोपड्याची_सून

केळीवाला_रावेर: डॉक्टर सांगून राहिले ते ऐका ताई, मोबाईलवर वाचून डॉक्टर होता येत नाही. माझ्या वहिनीची दोन्ही सिझर, दोन्ही पोरं धडधाकट.

जुनी_सिस्टर_धुळे: केळीवाले भाऊ, वहिनींचं चांगलं झालं, आनंद आहे, पण ताई जे विचारतेय ते चुकीचं नाही. मी लेबर रूममध्ये आयुष्य काढलंय म्हणून बोलते.

ताई, आधी ऑपरेशनचा कागद मिळव. डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशन नोट. पोटावरचा टाका बघून काही कळत नाही, आत पिशवीवर चीर कुठे दिली ते त्यात असतं. खालची आडवी असेल आणि बाकी अडचण नसेल तर प्रयत्न करता येतो. एकच सिझर झालेल्या चार जणींनी प्रयत्न केला तर साधारण तिघींची नॉर्मल होते. उभी चीर असेल तर विषय संपला, मग हट्ट करू नको. लेखी अर्ज दिला की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे. पण रेकॉर्ड तीन वर्षंच सांभाळायचं बंधन आहे आणि तुझा पोरगा अडीचचा झाला, म्हणून उद्याच जा.

आता भीतीचं पण ऐक. कळांमध्ये पिशवीचा जुना टाका उसवू शकतो, साधारण २०० त एकीचा. कमी वाटतं, पण उसवला तर बाळ आणि आई दोघांच्या जिवावर येतं आणि मिनिटांत ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर लागतं. म्हणून जिथे रात्री भूलतज्ज्ञ, रक्त आणि सर्जन हजर असतात तिथेच हे करायचं. तुझ्या डॉक्टरांकडे रात्री भूलवाले बाहेरून येत असतील तर ते नाही म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त कारण सांगायला हवं होतं. तापी ओलांडून जळगाव गाठेपर्यंत तास जातो, त्यामुळे जळगावचं किंवा धुळ्याचं मेडिकल कॉलेज आधीच दाखवून ठेव. कळा वाढवायच्या औषधानेही टाका उसवायची भीती वाढते, तेही विचार. आणि सिझरच ठरलं आणि घाईचं कारण नसेल तर ३९ आठवडे भरू दे म्हणाव, आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

३ सेंटीमीटरचं म्हणशील तर २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना खऱ्या कळा ५ सेंटीमीटरपासून मोजा म्हणते. त्याआधी तोंड हळू उघडलं, आई-बाळ ठीक आहेत, तर तेवढ्यावरून सिझर करू नये. तुझ्या वेळी दुसरं काही कारण होतं का ते कागदच सांगेल, मी इथून कोणाला दोष देणार नाही.

सुयांबद्दल नंदोईंना माझ्याकडे पाठव. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन रक्त गोठावं म्हणून असतं, बाळात ते कमीच असतं आणि आईच्या दुधातही थोडंच येतं, नाही दिलं तर मेंदूत रक्तस्राव झालेली बाळं मी पाहिलीत. कावीळ बी ची लस २४ तासांत द्यायची कारण जन्मावेळी लागण झालेल्या १०० पैकी ९० बाळांत ती कायमची राहते. यात वाद घालू नको. वाद घालायचाच तर बाळाला मध चाटवणाऱ्यांशी घाल.

चोपड्याची_सून: सिस्टर, खूप खूप आभार. अर्ज दिला, आधी काउंटरवर टाळाटाळ झाली, नियम सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. चीर खालची, आडवी. आणि त्यातच लिहिलंय, पाण्यात बाळाने शी केली होती आणि ठोके पडत होते. म्हणजे कारण होतं, अडीच वर्षं मी उगाच स्वतःलाच बोल लावत होते की मला कळा देता आल्या नाहीत. तेव्हा एक वाक्य कोणी बोललं असतं तर.

सोमवारी जळगावला मेडिकल कॉलेजला जातेय कागद घेऊन. सासूबाई पण येतो म्हणाल्यात. मधाची बाटली मात्र अजून कपाटातच आहे, त्याचं काय करू?