मदत हवी आहे: मोटरवालं लॉक पाऊस लागल्यापासून नुसतं घरघरतंय

अर्धवट_अभियंता
डोकं फिरलंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. घराच्या पुढच्या दाराला मोटरवालं डिजिटल लॉक बसवलं. एप्रिलात बसवलं, मे अखेरपर्यंत मस्त चाललं. पाऊस लागल्यापासून दार लोटलं की आतून घर्रर्र, मग तीन पिप आणि लाल दिवा. दहातून सात वेळा हेच. कस्टमर केअरला तीनदा फोन झाला, तिन्ही वेळा "सर, बॅटरी बदला". बदलल्या, फरक शून्य. उद्या रात्री मला पणजीला परतायचंय आणि घरात आई एकटी. काय करू? "जुनं कुलूप लावा" हे उत्तर कृपया नको.

नवटाक
जुनं कुलूप लावा. (नको म्हणालात म्हणूनच.) आमच्या पेडण्याच्या घरात दारामागे भिंतीत सरकणारा लाकडी अडसर आहे. आजोबांनी घातलेला. त्याला ना बॅटरी, ना ॲप, ना कस्टमर केअर.

फोंडेकरीण
अहो, लॉक कुठल्या जातीचं ते तरी सांगा. दारात कोरून बसवलंय की आतून वर ठोकलंय? दार फ्लश की अस्सल लाकूड? जाडी किती? आणि लाल दिवा बोल्ट बाहेर येताना लागतो की आत जाताना?

अर्धवट_अभियंता
कोरून. फणसाचं दार, जुनं, 40 मिमी. बोल्ट बाहेर येताना. जाताना कधीच त्रास नाही.

मोटारमन
बॅटरी बदलल्या म्हणजे कसल्या घातल्या? घड्याळात घालतो त्या स्वस्तातल्या कार्बन झिंकच्या असतील तर मोटर ओढताना त्या गळाठतात. अल्कलाइनच हव्यात, चारही एकदम आणि एकाच पाकिटातल्या. दोन जुन्या दोन नव्या असला प्रकार नको.

हिरवा_कंदील
रिचार्जेबल घाला, दर चार महिन्यांनी कचरा कशाला? मी दोन वर्षं वापरतोय.

मोटारमन
रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा. चार मिळून 4.8. लॉक अल्कलाइनच्या 6 व्होल्टचा हिशोब धरून बसलेलं, ते पहिल्या दिवसापासून बॅटरी लो म्हणून ओरडणार. उपदेश करण्याआधी पुस्तिका वाचावी माणसाने.

हिरवा_कंदील
माझं नाही ओरडत. आणि करंटच्या बाबतीत रिचार्जेबल तुमच्या अल्कलाइनपेक्षा दमदार असतात, तेही वाचा कुठेतरी.

फोंडेकरीण
तुम्ही दोघं नवा धागा काढा. बॅटरी कमकुवत असती तर बोल्ट आत जातानाही रडला असता. अभियंता, एक करा. दार सताड उघडं ठेवून आतल्या बटणाने लॉक पाच वेळा चालवा. मग बंद दारावर तेच, आधी नुसतं लोटून आणि मग खांद्याने दार दाबून धरून. काय होतं ते सांगा.

कळंगुटकर_पाव्हणा
भाड्याने देणार असाल तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करून घ्या बरं. ती नसताना पाहुणे ठेवणं अंगाशी येतं. बाकी पाहुण्यांना रोज नवा कोड देता येतो ही त्या लॉकची मोठीच सोय. फक्त खारी हवा वाईट. माझ्या कीपॅडचे स्क्रू दोन पावसांत गंजले. 304 स्टेनलेस नको, 316 मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं.

अर्धवट_अभियंता
आई राहते हो तिथे! भाड्याने काय देतो? आणि डिचोलीत कुठला समुद्र.

कळंगुटकर_पाव्हणा
समुद्र नसेल, खाणीची तांबडी धूळ तर आहे.

अर्धवट_अभियंता
@फोंडेकरीण, केलं. दार उघडं असताना पाचही वेळा ठीक, आवाजसुद्धा नाही. लोटून पाचातून एकदाच. खांद्याने दाबून धरलं तर चार वेळा. म्हणजे काय? मोटर ठीक?

कुळागर
मोटर ठीक, दार हललंय. लाकूड ओल पितं आणि फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाहीच, फुगतं ते रुंदीत. वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, तोही बहुतेक सगळा या चार महिन्यांत. तुमचं लॉक एप्रिलच्या सुक्या दाराच्या मापाने बसलंय. आता मेस्ताला बोलावून रंधा मात्र मारू नका हां. आमच्या थोरल्या भावाने जुलैत दार तासून घेतलं आणि डिसेंबरात फटीतून पाल आत येऊ लागली. दाराला हात लावायचा नाही. कानस चालवायची ती समोरच्या पट्टीच्या भोकावर, एक-दोन मिमी.

सीसीटीव्ही_भाऊ
आईची काळजी असेल तर आधी कॅमेरा बसवा. दोन मेगापिक्सेल पुरतो.

फोंडेकरीण
कुळागर बरोबर बोलतायत, फक्त कानस कुठे चालवायची ते आधी कळलं पाहिजे. आईकडून काजळ घ्या आणि बोल्टच्या टोकाला चारी बाजूंनी पातळ लावा. दार लोटून एकदा लॉक चालवा, मग समोरच्या चौकटीवरच्या पट्टीवर काळा डाग कुठे पडला ते बघा. वर पडला तर दार चढलंय, खाली पडला तर बिजागरी बसलीय, एका कडेला पडला तर दार चौकटीत पूर्ण जात नाहीये. आणि भोकाची खोली मोजा. बोल्ट 25 मिमी बाहेर येत असेल आणि भोक 20 चं असेल तर टोक लाकडाला टेकतं, मोटरला वाटतं काहीतरी अडकलं, की लाल दिवा.

अर्धवट_अभियंता
काजळ घरात नाही, आईने निरांजनाची काजळी दिली. डाग आतल्या कडेला. भोक 22 निघालं, बोल्ट 25. फिटरने ड्रिल अर्धवट मारलेलं, तळाशी ओला भुसा ठासून बसलाय. खिळ्याने उकरला तर कॉफीच्या चोथ्यासारखा बाहेर आला. पण चौकटीवर नाही, भोक दुसऱ्या फळीवर आहे.

फोंडेकरीण
दुसरी फळी???

अर्धवट_अभियंता
हो. दोन फळ्यांचंच आहे दार. सांगितलं ना जुनं आहे म्हणून.

फोंडेकरीण
अहो साहेब, "जुनं" म्हणजे "दोन फळ्यांचं" हे आम्ही कसं ओळखायचं? सगळा धागा इथेच उलटा झाला. तुमचा बोल्ट चौकटीत जातच नाही, तो जातो एका लटकत्या फळीत. ती फळी स्थिर नसेल तर कानसही वाया आणि खांदाही वाया. तिची वरची आणि खालची कडी पूर्ण बसतात का?

मोटारमन
दोन फळ्यांच्या दाराला हे लॉक घालायलाच नको होतं. फिटरला कळत नव्हतं का? आतून बसवायचं रिम लॉक घ्या, दुसरा इलाज नाही.

कुळागर
रिम लॉकचा खटकाही त्याच फळीवर येणार ना? फळी हलली की तेही रडणार.

नवटाक
अडसर दोन्ही फळ्या एकदम धरतो. सहज सांगतोय.

अर्धवट_अभियंता
सापडलं! वरची कडी ठीक. खालची उंबरठ्यातल्या भोकात जेमतेम अर्धा इंच जाते. बॅटरी मारून बघितलं: माती, रांगोळी आणि सुपारीचं एक खांड. आई रोज उंबरठ्यावर रांगोळी घालते, झाडताना सगळं त्याच भोकात. तिला विचारलं तर म्हणे, "ती कडी पाच वर्षं बसत नाही, तू कधी विचारलंस?" पेचकसाने भोक साफ केलं, कडी खटकन दीड इंच खाली गेली. फळी आता हलत नाही. लॉकचं भोक पटाशीने 27 पर्यंत खोल केलं, पट्टीची आतली कड मिलीभर कानसली. दहापैकी दहा! जय हो.

फोंडेकरीण
छान. आता पुस्तिकेत कॅलिब्रेशन दिलं असेल तर परत चालवा, लॉकच्या डोक्यात जुनंच माप असेल. चावीची एक प्रत शेजारी ठेवा, घरात नको. आणि लॉकच्या बाहेरच्या अंगाला खाली टाइप-सीचं भोक आहे की 9 व्होल्टच्या बॅटरीचे दोन ठिपके, ते बघून आईला दाखवा. बॅटरी मेली तर तिथूनच जीव द्यावा लागतो.

अर्धवट_अभियंता
टाइप-सी आहे. दाखवलं. आता नवीनच भानगड. आईचं बोट लॉक घेत नाही. माझं घेतं.

कुळागर
किती वय? नारळ सोलणं, भांडी, राख... आमच्या आईच्या बोटावर रेषाच उरल्या नाहीत. पावसात त्यात ओला हात. बोटाचा नाद सोडा. कोड द्या नाहीतर टॅग.

अर्धवट_अभियंता
74. कोड विसरते. टॅग दिला, तो तिने पदराच्या गाठीत बांधला. गाठीसकट जवळ नेला तरी उघडतं. सगळ्यांचे आभार, पणजीला निघतो.

हिरवा_कंदील
बॅटरी शेवटी कुठल्या ठेवल्यात?

अर्धवट_अभियंता
(शुक्रवार, रात्री 11.20) अल्कलाइन. धागा वर काढतोय कारण मी आत्ता बाहेर उभा आहे. बोट लावलं, हिरवा दिवा, बोल्ट सर्रकन आत, एकदम झकास. दार उघडत नाही.

मोटारमन
फळी परत फुगली?

अर्धवट_अभियंता
नाही. आमच्याही दारामागे अडसर आहे. आईने लावलाय आणि झोपलीय. फोन उचलत नाही.

नवटाक
😌