मदत हवी आहे: पहिली शॉर्ट फिल्म, आवाजाचं काय करू?

राम राम मंडळी. मी बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा. दसरा झाला की आमच्याकडची कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात अन् घरी उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्यावर मोबाईलवर छोटी फिल्म करतोय. काम करणार माझी चुलती आणि तिचा नातू. दोघंही कॅमेऱ्यापुढं बुजत नाहीत, हे फार मोठं काम झालं.

चित्राचं जमतंय. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

अडलंय ते आवाजावर. चुलती चुलीपुढं भाकरी थापता थापता फोनवर सुनेशी बोलते, हाच फिल्मचा जीव. पण वर पत्रे. ऊन चढलं की कडकड वाजतात, वारा सुटला तर विचारूच नका. कॉलर माइक लावला तर लुगड्याचा पदर त्यावर घासतो. नंतर डबिंग करा असं काहीजण म्हणतात, पण भाकरी थापताना तिचं बोलणं जसं तुटत तुटत येतं, ते बंद खोलीत येणार नाही.

तर माइक नेमका कुठं लपवू? की बांबूला बांधून डोक्यावर धरू? बीड किंवा संभाजीनगरात बरा माइक भाड्यानं मिळतो का? ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत शूटिंग उरकायचंय, तेव्हा अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.