मदत हवी आहे: मेडिकेड बंद पडलेल्या काळातल्या बिलाचं काय?

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या दोन्ही मुलांचं मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) गेल्या महिनाअखेरीस बंद झालं. उत्पन्न वाढलं म्हणून नव्हे. नूतनीकरणाचा फॉर्म मुदतीत पोहोचला नाही, एवढंच कारण पत्रात आहे. फॉर्म जुन्या घरी गेला होता.

आधीच सांगतो: मुलं तिथेच जन्मलेली, नागरिक आहेत. राज्य मेडिकेडचा विस्तार केलेल्यांपैकी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या जास्त प्रौढांनाही त्यात घेणाऱ्यांपैकी आहे. भावाला तासावारी पगार मिळतो, म्हणून दर महिन्याचा आकडा वेगळा. नोकरीतून विमा नाही, आणि खासगी हप्ता परवडणारा नाही.

कागदपत्रांमुळे विमा बंद झाला असेल तर ९० दिवसांत फॉर्म आणि पुरावे दिले की नव्याने अर्ज न करता फेरविचार होतो, हे माहीत आहे. त्याप्रमाणे फॉर्म, अलीकडच्या पगारपावत्या आणि नव्या पत्त्याचा पुरावा ऑनलाइन भरून पोचही घेतली. फोनवर मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यामुळे फोनचा नाद सोडला.

अडचण अशी की मधल्या काळात धाकट्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं आणि बिल आलं. रुग्णालयाने तूर्त वसुली थांबवली आहे, पण लेखी काही दिलेलं नाही.

फेरविचारात मुलं पात्र ठरली तर हे बिल मागील तारखेपासून आपोआप धरलं जातं, की आधीच्या तीन महिन्यांच्या खर्चासाठी वेगळी मागणी करावी लागते? आणि फेरविचाराचा निकाल येण्याआधीच, विमा बंद केल्याविरुद्ध अपील दाखल करून ठेवावं का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.