मदत हवी आहे: गच्चीवरचे सेफ्टी अँकर तांबूस झालेत, सोमवारी पोरं चढवू का?

कडोलीकर_पेंटर: बेळगावहून कारवारला रंगाचं काम घेतलंय. दोर बांधायचे आठ अँकर आहेत, सगळ्यांवर तांबूस डाग. सेक्रेटरी म्हणतात स्टेनलेस आहे, काय होत नाही. चालतील का नाही तेवढंच सांगा, लवकर.

उद्यमबाग_लेथ: स्टेनलेस म्हणजे कुठलं ओ, 304 का 316? समुद्र किती लांब? स्लॅबमध्ये भोक पाडून केमिकलनं चिकटवून बसवलेत का पत्र्यावर? फोटो टाका की.

कडोलीकर_पेंटर: गच्ची म्हटलं म्हणजे स्लॅबच की. समुद्र समोर दिसतो. ग्रेड मला कसं कळणार?

निपाणीचा_बाबू: लोहचुंबक लावा. चिकटलं तर 304, नाही तर 316. वर रेड ऑक्साइडचे दोन हात मारा, विषय संपला.

उद्यमबाग_लेथ: बाबूशेठ, दोन्ही चिकटत नाहीत. गार वाकवलेलं 304 जरा ओढतं, एवढंच. फरक मॉलिब्डेनमचा, 316 मध्ये 2 ते 3 टक्के असतं, म्हणून खाऱ्या हवेत जास्त टिकतं. आणि रंग मारून गंज झाकायचा, मग तपासणार काय? पेंटर, ओल्या फडक्यानं पुसा. नुसता वरचा डाग असेल तर जाईल. खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तो अँकर बाद. बुडखा बघा, वॉटरप्रूफिंगच्या कडेतून तांबडं पाणी ओघळलंय का?

निपाणीचा_बाबू: मग वाळूची दोन पोती लटकवा रात्रभर.

खानापूर_रोप: नको ओ! दोन पोती म्हणजे जेमतेम 100 किलो. माणूस पडला तर शॉक अॅब्सॉर्बर लावूनही 6 किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे 600 किलोच्या वजनाएवढा झटका बसू शकतो. केमिकलवाले अँकर आम्ही पुलर मशीननं 6 किलोन्यूटनला 15 सेकंद ओढून बघतो. वर्षातून एकदा तपासणी लागतेच. तारखेचा टॅग आहे का?

कडोलीकर_पेंटर: टॅग कसला, नंबरपण नाही. एकाचा नट वॉचमननं मागं बदललाय म्हणे, जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा दिसतोय.

घाटवाटा: कारवारला जोयड्यावरून जाता का अनमोडवरून? रस्ता कसा आहे सध्या?

उद्यमबाग_लेथ: तिथंच घोळ! स्टेनलेसच्या अंगाला साधा नट लावला की खाऱ्या ओलीत नटच आधी खाल्ला जातो. बाहेरून जाड दिसतो, आतून पोकळ.

कडोलीकर_पेंटर: आत्ता पाना लावला. नट फिरलाच नाही, पापडासारखा तुटून अर्धा हातात आला. उरलेल्या सातांच्या बुडख्याचं वॉटरप्रूफिंग उचलायचं म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतात, गळलं तर तुझ्या बिलातून कापणार.

खानापूर_रोप: मग तपासणीचं लेखी द्या म्हणावं, त्यांच्या सहीनं. तोवर एकालापण चढवू नका.

निपाणीचा_बाबू: आमच्याकडं बारा वर्षांत काय झालं नाही.

खानापूर_रोप: निपाणीला समुद्र आहे का ओ?

घाटवाटा: रस्त्याचं कोण सांगेल का?

कडोलीकर_पेंटर: जोयड्यावरून. बराय. उद्या सकाळी त्याच रस्त्यानं पोरांना घेऊन परत येतोय.