मदत हवी आहे: पाण्यातून वर येणारं देऊळ चिकटवल्यासारखं दिसतंय

भीमाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून १८ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. पैसे स्वतःचे, कॅमेरा उसना. त्यातला एकच शॉट आता गळ्याशी आलाय.

गोष्ट उजनीच्या पाण्यात गेलेल्या एका गावाची. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, एरवी पाण्यात, धरण आटलं की उघडं पडतं. आमचं देऊळ मात्र काल्पनिक आहे. आजी सांगत गेली आणि एका चित्रकार मित्राने काढलं: शिखर, पुढे दीपमाळ, चिंचेखाली पार, घाटाच्या पायऱ्या. चित्र इतकं सुंदर झालंय की ते बघूनच बाकीचे तिघं बिनपगारी यायला तयार झाले.

शॉट ९ सेकंदांचा आहे. होडीतून कॅमेरा पुढे जातोय, समोर नुसतं शिखराचं टोक. मग पाणी उतरत जातं आणि अख्खं देऊळ, पार, पायऱ्या वर येतात. संध्याकाळची वेळ.

आत्तापर्यंत केलेलं: भिगवणच्या बाजूला होडीतून प्लेट (ज्यावर देऊळ बसवायचं तो मूळ व्हिडिओ) घेतली, ४के, सेकंदाला २५ फ्रेम, लॉगमध्ये (फिकं चित्र, रंग नंतर बसवायचे). कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चालू होतं, कारण होडी फार हलत होती. चित्रावरून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये देवळाचं मॉडेल केलं. ट्रॅकिंगचा (व्हिडिओवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधण्याचा) एरर ४ पिक्सेलच्या खाली यायला तयार नाही. पाण्याचं सिम्युलेशन (पाण्याची हालचाल कॉम्प्युटरने काढणं) लावलं तर पाणी जेलीसारखं थुलथुलतंय. माझ्या ६ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर एक फ्रेम रेंडर व्हायला (म्हणजे अंतिम चित्र निघायला) १४ मिनिटं लागतात. म्हणजे २२५ फ्रेमना साडेबावन्न तास, तेही मध्ये लाईट गेली नाही तर!

हे सगळं सोसलं असतं. पण जे काही तयार झालंय ते लग्नाच्या अल्बममधल्या ताजमहालासारखं दिसतंय. रंग जुळवले, ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाकला, कडा मऊ केल्या, तरी देऊळ त्या पाण्यात नाहीच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. चित्र आणि एक फ्रेम खाली जोडली आहे.

घाईत_आहे

ग्राफिक्स कार्ड बदला. ६ जीबीत हे होणार नाही.

रोटोवाला

कार्ड बदलून हेच चिकटवलेलं देऊळ लवकर रेंडर होईल, दुसरं काय.

ताई, चित्र आणि फ्रेम शेजारी ठेवून दोन्हींवर क्षितिजाची आडवी रेघ मारा. कॅमेरा पाण्यापासून जितका उंच, तितक्याच उंचीवर ती रेघ प्रत्येक वस्तूला कापते. होडीत बसून तुमचा कॅमेरा फार तर सव्वा मीटरवर असणार. म्हणजे पाण्यालगत माणूस उभा केला तर रेघ त्याच्या छातीखालून गेली पाहिजे. चित्रात ती दीपमाळेच्या गळ्यातून जातेय. दार दोन मीटरचं धरून मोजलं तर ती उंची पाचेक मीटर भरते. मित्राने ते चित्र माडीवरून बघितल्यासारखं काढलंय. तुम्ही मॉडेल त्या चित्राशी जुळवलंत आणि बसवलंत होडीच्या प्लेटवर. रंग कितीही जुळवा, डोळ्याला खोट कळते. कुठे आहे ते सांगता येत नाही एवढंच.

दुसरं, उजेड. चित्रात सूर्य देवळाच्या मागे आहे. प्लेटमध्ये होडीच्या सावलीवरून तो तुमच्या पाठीशी दिसतोय. हे कंपमध्ये (सगळे थर एकत्र जोडताना) दुरुस्त होत नसतं.

तिसरं, काळं. फ्रेमचं एक्स्पोजर दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून बघा. देवळाइतक्याच लांबची काठावरची झाडं राखाडी होतील, कारण मध्ये धुरकट हवा आहे. देवळाचा दरवाजा मात्र डांबरासारखा काळाच राहील. धुरकट हवेत लांबचं काळं जवळच्या काळ्याइतकं गडद राहत नाही. देवळाचं काळं त्या झाडांच्या काळ्यापर्यंत वर उचला, निम्मा फरक तिथेच पडेल.

ट्रॅकिंगबद्दल: पाण्यावर लावलेले पॉइंट काढून टाका, लाटा वाहतात. आणि स्टॅबिलायझेशन चालू ठेवलंत तिथेच घात झाला. आत सेन्सर सरकत राहतो, म्हणजे लेन्सचा मध्यच फ्रेमागणिक हलतो आणि सॉल्व्हरला (ट्रॅकिंगचं गणित करणाऱ्या प्रोग्रामला) वाटतं कॅमेरा हलला. सेन्सरची रुंदीही तपासा. फुलफ्रेम म्हणून ३६ मिमी लिहिलं असेल आणि त्या मोडमध्ये कॅमेरा क्रॉप करत (सेन्सरचा मधलाच भाग वापरत) असेल, तर फोकल लेंग्थ खोटी धरली जाते.

भीमाकाठची

रेघ मारली. खरंच गळ्यातून जातेय. तीन आठवडे मी ग्रेनशी खेळत बसले होते!

पण आता करू काय? मित्राला पुन्हा काढायला सांगू? त्याची शाळा आहे, दहावीचे पेपर तपासायचे आहेत. आणि खरं सांगायचं तर होडीच्या उंचीवरून ते चित्र तितकं छान दिसणारही नाही, पायऱ्या सगळ्या एकावर एक चिकटतील.

मिठाचा_खडा

मी या क्षेत्रातली नाही, पण एक बाळबोध शंका. पाणी उतरतंय तर होडी पण खाली जाईल ना? आमच्याकडे तर जाते.

रोटोवाला

खडाताई, दंडवत. हे मला दिसलंच नाही.

भीमाकाठची, होडीतून उतरा. काठावर पाण्यापासून पाचेक मीटर उंच असा एखादा उंचवटा शोधा आणि ट्रायपॉडवर मीटरभराचा स्लायडर लावा. उंची चित्राशी जुळते. पुढ्यात दगड, बाभळी आले की ट्रॅकिंगला स्थिर पॉइंट मिळतात. स्टॅबिलायझेशन बंद. सूर्य मावळतीला देवळाच्या जागेमागे येईल अशी दिशा धरा. चित्र तसंच राहू द्या, प्लेट बदला. गोपुरं-राजवाड्यांच्या शॉटला मोठ्या युनिटमध्येही आधी चित्रच मंजूर होतं आणि मग त्याच्या उंचीला क्रेन लागते.

आणखी एक. कॅमेरा मीटरभरच सरकणार असेल तर देऊळ संपूर्ण थ्रीडीत लागतच नाही. साधे ठोकळे उभे करा आणि त्या कॅमेऱ्याच्याच जागेवरून चित्र प्रोजेक्टरसारखं त्यांच्यावर टाका. देऊळ ६० मीटरवर धरलं तर एवढ्याशा सरकण्याने चित्र ताणलं जात नाही. १४ मिनिटांचा फ्रेम मिनिटावर येईल. आणि रेंडर एका व्हिडिओत नको, ईएक्सआर या चित्र-फाईलच्या सुट्या फ्रेममध्येच काढा. लाईट गेली तर गेला तो एक फ्रेम, पुढून सुरू करा.

तळ्यातमळ्यात

पाण्यावर मी बोलतो, त्यातच केस पांढरे झालेत.

सिम्युलेशन काढून टाका. सिम्युलेशनचा ६० मीटरचा डबा आणि रेझोल्यूशन २५६ (म्हणजे लांबीला २५६ घन) असेल तर एक घन साधारण २३ सेंटीमीटरचा होतो. त्याहून बारीक थेंब त्यात जन्मालाच येत नाही, मग जेली नाहीतर काय होणार? तुमचं पाणी शांतपणे खाली जातंय, फुटत नाहीये. ब्लेंडरमधल्या ओशन मॉडिफायरचं (लाटांचा पृष्ठभाग बनवणाऱ्या साधनाचं) एक सपाट पातं घ्या, लाटा अगदी बारीक ठेवा आणि ते हळूहळू खाली न्या.

पाणी उतरल्याचं खरं वाटतं ते दगडावरून. पातळीच्या वर हातभर पट्टा ओला: गडद, चकचकीत. त्याच्या वर सुकत जाणारा गाळ, फिकट. उंचीवरून मास्क करून तो पट्टा पाण्यासोबत खाली आणा. पायऱ्यांवरून थोडं पाणी ओघळताना दिसलं तर बघणारा सिम्युलेशन विचारणार नाही.

आणि चित्रात पायऱ्या पाण्याखालीही स्वच्छ दिसतायत, ते विसरा. सरळ वरून बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं. पण तुमच्या कॅमेऱ्यातून त्या देवळापाशी उभ्या रेषेपासूनचा कोन ८५ अंशांच्या आसपास पडतो आणि तिथे अर्ध्याहून जास्त उजेड परत येतो. शिवाय उजनीचं पाणी कुठे काचेसारखं आहे? तिथे फक्त आकाश आणि शिखराचं उभं लांबलेलं प्रतिबिंब दिसेल. नुसतं चित्र उलटं करून लावू नका. प्रतिबिंब म्हणजे पाण्यातून वर बघितल्यासारखं, त्यात छज्ज्याची खालची बाजू दिसते.

भीमाकाठची

अपडेट. दोन रविवार गेले. उंचवटा मिळाला, बाभळीचे काटेही मिळाले. एरर ०.४ वर आलाय. प्रोजेक्शनने फ्रेम ५० सेकंदांत निघतोय. ओल्या पट्ट्याने तर जादू केली, तळ्यातमळ्यात यांना माझ्याकडून भीमेचे मासे. आकाशात अजून पट्टे दिसतात, लॉग ८ बिटमध्ये (रंगाच्या कमी छटांत) घेतल्यामुळे असावं. त्यासाठी ग्रेन वाढवून बघतेय.

काल आजीला लॅपटॉपवर दाखवलं. तिने चष्मा पुसला, दोनदा बघितलं आणि म्हणाली, "देऊळ आमचंच हाय. पर दीपमाळ डावीकडं व्हती की गं."

आता दीपमाळ हलवली तर तिच्यामागे चित्रात भिंतच नाहीये, भोक पडतंय. प्लेटसकट सगळं आडवं उलटं केलं तर?

रोटोवाला

नका. चिंच, पार, घाट आजीने बरोबर सांगितलंय ना? ते सगळंच उजवीकडचं डावीकडे जाईल आणि पुढच्या रविवारी नवीन यादी येईल.

दीपमाळ वेगळ्या लेयरवर काढा आणि तिच्यामागची भिंत मित्राकडून रंगवून घ्या. तेवढंच, हातभर भिंत. पेपर तपासून झाले का त्याचे?

भीमाकाठची

दोन गठ्ठे राहिलेत. मी बेरजा करून देते म्हटलंय.