मदत हवी आहे : अनुदान घेतलेले छोटे उद्योग 'यशस्वी' झाले की नाही हे मोजायचं कसं?

काजूगर

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण खरंच अडकलोय.

मी सिंधुदुर्गात एका छोट्या संस्थेत काम करतो. आमच्याकडे एक काम आलंय. पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) कर्ज आणि अनुदान घेऊन उभे राहिलेले काजू प्रक्रिया उद्योग आणि तसेच इतर काही धंदे प्रत्यक्ष बघायचे, मालकांशी बोलायचं आणि योजना इथे कितपत यशस्वी झाली याचा अहवाल द्यायचा. यादीत १२० नावं, आम्ही तिघं, हातात साडेतीन महिने. आत्तापर्यंत ४१ ठिकाणी जाऊन आलो.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही २००८ पासून चालू आहे, देशपातळीवर खादी आणि ग्रामोद्योग आयोग बघतं, जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळ वगैरे. प्रकल्पाचं कर्ज बँक देते आणि त्यावर सरकारचं अनुदान, सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, गावात २५, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, माजी सैनिक वगैरेंना शहरात २५, गावात ३५. स्वतःचे पैसे १० किंवा ५ टक्के घालायचे. २०२२ पासून उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा २५ वरून ५० लाखांवर गेली.

आता अडचण. आम्हाला दिलेला फॉर्म दोन पानांचा आहे. युनिट सुरू आहे का हो/नाही, किती लोक कामाला, अनुदान मिळालं का, योजनेबद्दल समाधानी आहात का. बस्स. पहिल्या वीस जणांचे फॉर्म भरून झाले तेव्हा सगळं छान दिसत होतं, १७ सुरू, १९ समाधानी. मग कुडाळ तालुक्यातल्या एका ठिकाणी गेलो. शेड पक्की, बाहेर योजनेचा बोर्ड, आत कटिंग मशीनं ताडपत्रीखाली, बॉयलरवर धूळ, ओव्हनच्या ट्रेमध्ये कोणीतरी कोकमं वाळत घातलेली. मालकीणबाई घरातून चहा घेऊन आल्या. मी विचारलं युनिट सुरू आहे का, म्हणाल्या हो सुरू आहे की. मग मशीनकडे बघितलं तर त्याच म्हणाल्या, "मशीन आसा रे, पण बी खंय आसा?" मार्च ते मे काजूची बी मिळते, तेव्हा जमेल तेवढी घेतात, ती जुलैपर्यंत संपते, पुढे कुलूप. वर्षभराची बी सीझनमध्येच भरून ठेवायला जे भांडवल लागतं ते त्यांच्याकडे नाही. मशीनला कर्ज मिळालं, बी घ्यायला जेमतेम.

आता सांगा, हा फॉर्म मी कसा भरू? सुरू आहे = हो. लोक कामाला = ९, कारण सीझनमध्ये नऊ बायका साल काढायला येतात, किलोवर मजुरी. समाधानी = हो, कारण त्या खरंच समाधानी आहेत, बोलून बोलून विचारलं. फॉर्मप्रमाणे हे युनिट यशस्वी आहे. वर्षाचे सात-आठ महिने बंद असलेलं युनिट.

त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय. म्हणून घरी येऊन सरकारी आकडे काढून बघितले. २०२१-२२ साली देशभरात या योजनेत १,०३,२१९ युनिट आणि ८,२५,७५२ रोजगार असं प्रसिद्ध झालेलं आहे. भागून बघा. बरोब्बर ८ येतात, अपूर्णांक सुद्धा नाही. म्हणजे कोणी माणसं मोजलेली नाहीत, युनिटला आठने गुणलंय. मला कोणावर आरोप करायचा नाहीये, अंदाज म्हणून ते तसंच लिहितात, पण मग आमच्यासारख्यांनी गावोगाव फिरून जे मोजायचं ते तरी नीट मोजलं पाहिजे ना.

आणि दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ज्यांचं चांगलं चाललंय त्यातले एक जण सरळ म्हणाले, भाऊ अनुदान नसतं मिळालं तरी मी धंदा काढलाच असता, फार तर दोन वर्षं उशिरा. मग त्यांचं यश योजनेच्या खात्यात लिहायचं का? किती लिहायचं? तुलना कोणाशी करायची? ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्याशी केली तर ते बरोबर वाटत नाही, आणि दुसरं कोणी सुचत नाही.

अर्थशास्त्र शिकलेले, बँकेतले, स्वतः उद्योग करणारे, कोणीही असा, लिहा. अहवाल खोटा होऊ नये एवढंच मनापासून वाटतंय.

---

आकडेमोड

काजूगर, प्रश्न अगदी मोलाचा आहे आणि तुम्ही एकटे नाही आहात, जगभर या विषयावर हीच रड आहे. डेव्हिड स्टोरी नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी याच्या सहा पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिल्या तीन म्हणजे किती जणांनी लाभ घेतला, त्यांना योजना कशी वाटली, आणि त्यांच्या मते फरक किती पडला. याला ते मूल्यमापन म्हणतच नाहीत, नुसती देखरेख. खरं मूल्यमापन चौथ्या पायरीपासून, जिथे लाभ न घेतलेल्या उद्योगांशी तुलना सुरू होते, पाचवीत तुलनेसाठी तसाच उद्योग शोधायचा, वय, आकार, धंदा, गाव सगळं सारखं, आणि सहावीत हेही लक्षात घ्यायचं की लाभ घेणारा मुळातच जास्त धडपड्या असू शकतो, किंवा निवडणाऱ्यांनी चांगलेच निवडले असतील. तुमचा फॉर्म पहिल्या-दुसऱ्या पायरीवर थांबलाय.

शक्य असतं तर सगळ्यात उत्तम चिठ्ठ्या टाकून निवड. आपल्या जवळचंच उदाहरण आहे, तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांचं. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींनी १७ कंपन्या घेतल्या, काहींच्या कारखान्यांना पाच महिने फुकट व्यवस्थापन सल्ला दिला, साठा कसा ठेवायचा, बिघाडाची नोंद कशी करायची असला साधा सल्ला, आणि बाकीच्यांना फक्त महिनाभराची पाहणी. पहिल्याच वर्षात सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता १७ टक्के वाढली. तिथे आकड्यावर विश्वास बसतो कारण कोणाला सल्ला मिळणार हे मालकाच्या हुशारीवर ठरलं नव्हतं. आणि त्या मालकांना आधी विचारलं असतं तर बरेच म्हणाले असते आमचं ठीकच चाललंय, म्हणून 'समाधानी आहात का' या प्रश्नावर फार विसंबू नका.

तुम्हाला चिठ्ठ्या टाकता येणार नाहीत, गाडी निघून गेली. पण नियम बदलतात तिथेही तुलना सापडते. अभिजित बॅनर्जी (आई मराठी बरं का, माहेरच्या पाटणकर) आणि एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्याच बँकेच्या नोंदींवर ते केलं. १९९८ साली प्राधान्य क्षेत्राच्या (ज्याला बँकांनी ठरावीक वाटा द्यावाच लागतो) कर्जासाठी यंत्रसामग्रीची मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटी झाली आणि २००० साली परत १ कोटीवर आली. मधल्या कंपन्या अचानक पात्र झाल्या आणि अचानक बाहेर गेल्या. त्यांनी बघितलं की मिळालेल्या स्वस्त कर्जातून कंपन्यांनी नुसती जुनी महाग उधारी फेडली की धंदा वाढवला. धंदा वाढला, म्हणजे पैशाची चणचण खरीच होती. तुमच्या मालकीणबाईंची गोष्ट हीच आहे. चणचण खरी, फक्त मशीनची नाही, बीची.

---

निवृत्त_मॅनेजर

काजूगर साहेब, ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली सात कोकणात, असली कर्जं मीच मंजूर केलीत आणि परतही पाठवलीत. दोन गोष्टी सांगतो.

अनुदान मालकाच्या हातात येत नाही हे तुम्हाला माहीतच असेल, ते त्याच्या नावावर टीडीआर (मुदत ठेव पावती) करून तीन वर्षं बँकेत पडून असतं, त्यावर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही व्याज नाही. तीन वर्षांनी पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं. म्हणजे तीन वर्षं युनिट चालू दाखवण्यात मालकाचाही फायदा, आमचाही. पडताळणीच्या दिवशी मशीन फिरताना मी डोळ्यांनी बघितलंय आणि पुढच्या महिन्यात त्याच शेडमध्ये भाताच्या पोत्यांची थप्पी. म्हणून तुमची १२० ची यादी दोन भागात करा, टीडीआर वळता झालेले आणि न झालेले. तीन वर्षं उलटल्यावर कोण चालू राहिलं ते बघा, खरं चित्र तिथे दिसेल.

तुलनेचं म्हणाल तर बँकेने परत पाठवलेले अर्ज शोधा. पण सगळे नकोत. सिबिल खराब म्हणून परत गेलेला आणि आधीची कर्जं थकलेला माणूस तुमच्या कामाचा नाही, तो मुळातच वेगळा. पण कोकणात ढिगाने अर्ज सातबाऱ्यावरून अडकतात. जमीन सामाईक, सात-आठ हिस्सेदार, तिघं मुंबईला, एक जण सहीच करत नाही. माणूस चांगला, धंद्याची समज चांगली, प्रकल्प अहवाल व्यवस्थित, तरी कर्ज नाही. किंवा आमच्या शाखेचं त्या वर्षीचं टार्गेट संपलं म्हणून, किंवा मॅनेजरची बदली झाली आणि नव्याने फाईल उघडलीच नाही म्हणून. या लोकांना कर्ज न मिळण्याचा त्यांच्या हुशारीशी संबंध नव्हता. ते आज काय करतायत ते बघा. त्यांच्यातल्या निम्म्यांनी सोसायटीतून किंवा सोनं ठेवून युनिट काढलंच असेल, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

---

आकडेमोड

मॅनेजर साहेबांचा मुद्दा फारच उत्तम, मला सुचला नसता. एकच सावधगिरी, हिस्सेदारांच्या सह्या मिळवणं हेही एक कसब आहे, ज्याला ते जमलं तो धंद्यातही लोकांना सांभाळून घेत असेल. त्यामुळे शाखेचं टार्गेट संपलं किंवा मॅनेजर बदलला या कारणाने अडकलेले वेगळे काढा, तुलनेसाठी ते जास्त स्वच्छ. वीस-पंचवीस मिळाले तरी पुरे, पण आकडा लहान आहे हे अहवालात ठळक लिहा.

---

वाडीतली_ताई

मी शिकलेली फार नाही पण काजूचं छोटं युनिट चालवते, बचत गटाच्या बायका मिळून, म्हणून लिहिते. दादा तुम्ही मालकालाच सगळं विचारताय, कामाला येणाऱ्या बायकांना पण विचारा. आमच्या वाडीत आधी दोन युनिट होती, मग तिसरं अनुदानावर आलं, कागदावर आठ-दहा जणींना रोजगार मिळाला. पण त्या आठजणी कुठून आल्या, आमच्याच कडून गेल्या सहा. किलोमागे दोन रुपये जास्त मिळतात म्हणून गेल्या, चांगलंच झालं त्यांचं, माझी तक्रार नाही, पण नवीन रोजगार दोघींनाच मिळाला ना. आणि तिघंही एकाच बाजारात बी घ्यायला उभे राहिलो तर बी महागली. तर एका युनिटकडे बघून कळणार नाही, पूर्ण वाडी बघा.

आणि उत्पन्न विचारू नका हो. कोणी खरं सांगणार नाही, मी पण नाही सांगणार. बी किती क्विंटल घेतली ते विचारा, ते सगळे अभिमानाने सांगतात. चार किलो बीला साधारण किलोभर गर धरा, बाकी तुम्हाला कळेलच.

---

काजूगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या मेसेजने तर डोळे उघडले, आम्ही ४१ ठिकाणी एकाही कामगार बाईशी नीट बसून बोललो नव्हतो, परवापासून ते सुरू केलं.

तुम्ही सगळ्यांनी सांगितल्यावर फॉर्म बदललाय. 'सुरू आहे का' काढून टाकलं, त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती दिवस चाललं. लोक किती याऐवजी मनुष्यदिवस, म्हणजे नऊ बायका ७० दिवस आल्या तर ६३० दिवस, त्याला वर्षाच्या ३०० दिवसांनी भागलं तर दोन माणसांचं वर्षभराचं काम. नऊचे दोन झाले. ऐकायला वाईट वाटतं पण तेच खरं आहे, आणि जिथे बारा महिने चार जणी येतात ते युनिट आता यादीत वर आलं, आधी ते छोटं म्हणून खाली होतं. जीएसटीचे आकडे मागावेत असं आधी वाटलं होतं पण ४० लाखांच्या आतले बरेच जण नोंदणीतच नाहीत. त्यापेक्षा महावितरणचं बिल कामाला आलं, त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. कुडाळच्या त्या बाईंनी बिल आणून दाखवलं, मार्चपासून जुलैपर्यंत उंच रेघा आणि मग जमिनीला टेकलेल्या. त्यांनी स्वतःच बघितलं आणि म्हणाल्या, अरे एवढं स्पष्ट दिसतं होय. मग आपणहून सांगायला लागल्या की सीझनमध्ये आणखी किती बीचे पैसे मिळाले असते तर दिवाळीपर्यंत चाललं असतं. एवढं तपशीलवार त्या फॉर्मच्या प्रश्नांना बोलल्या नव्हत्या. हा प्रश्न पण आता सगळ्यांना विचारतोय.

परत गेलेले अर्ज मिळवणं मात्र जड जातंय. एका कार्यालयात दोनदा जाऊन आलो, मंजूर अर्जांची यादी लगेच मिळाली, परत गेलेल्यांची मागितली की ती कशाला हवी असं विचारतात. आत्तापर्यंत ओळखीपाळखीतून सातच नावं मिळाली. त्यातल्या तिघांनी युनिट काढलंय, एकाने बायकोचे दागिने ठेवून. चौघांनी नाही काढलं, त्यातला एक आता गोव्यात हॉटेलात कामाला आहे.

म्हणून आता नेमकी मदत ही हवी आहे. आजरा, चंदगड किंवा रत्नागिरीकडे कोणी असं काम केलंय का, आणि परत गेलेल्या अर्जांची यादी कारणांसकट कशी मिळवली, माहिती अधिकारात की बँकेच्या शाखेतून? नावं नकोत, गाव, साल, धंदा आणि परत जाण्याचं कारण एवढं मिळालं तरी चालेल, बाकी आम्ही चालत जाऊन शोधू.

---

निवृत्त_मॅनेजर

शाखेतून मिळणार नाही, ग्राहकाची माहिती म्हणून नाही म्हणतील आणि ते बरोबरच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे करा, नावं वगळून, सालवार आणि कारणवार गोषवारा मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तुमच्याकडे साडेतीन महिने आहेत म्हणता, तर उद्याच टाका. मसुदा इथे टाकलात तर मी बघून देतो.