जळगाव-धुळे-चाळीसगाव रिंग: ट्रान्सपाँडर काढून ४०० जी मॉड्यूल थेट राउटरमध्ये टाकावं का?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. आमच्या नेटवर्कची जळगाव-धुळे-चाळीसगाव अशी फायबर रिंग आहे, शिवाय जळगावहून भुसावळला एक फाटा. फायबर भाड्याचं, सगळं जी.६५२डी (नेहमीचं सिंगल-मोड). ओटीडीआरवरचे (फायबरची लांबी आणि लॉस मोजणारं यंत्र) आकडे असे, डीबी म्हणजे वाटेतला प्रकाशाचा लॉस: जळगाव-धुळे ९६ किमी, २४ डीबी. चाळीसगाव-जळगाव पाचोऱ्यामार्गे ९८ किमी, २५ डीबी. धुळे-चाळीसगाव ६० किमी, १५ डीबी. इथे एक जोडी रिकामी पडून आहे, बाकी सगळीकडे एकच जोडी. भुसावळ २८ किमी.

सध्या १० जीचे (जी म्हणजे गिगाबिट प्रति सेकंद) ८ चॅनल, ते एका फायबरवर एकत्र करणारा १०० गिगाहर्ट्झ अंतराचा मक्स, टोकांना ईडीएफए (प्रकाशाचे अँप्लिफायर) आणि डीसीएम (डिस्पर्शन, म्हणजे सिग्नलचं पसरणं, भरून काढणारे). राउटर वेगळा, ट्रान्सपाँडरची (राउटरचा सिग्नल लांब पल्ल्याच्या वेव्हलेंग्थवर चढवणारी यंत्रं) शेल्फ वेगळी. रात्री दहाला एकूण ट्रॅफिक ११० जीबीपीएसला जातं आणि एक बाजू तुटली की ८० जीत मावत नाही. विक्रेता म्हणतो, सगळीकडे ४०० झेडआर (राउटरमध्येच बसणारं लांब पल्ल्याचं ४०० जी मॉड्यूल) टाका, शेल्फही जाईल आणि अँप्लिफायरही. खरंच जातो का? पैसा नेमका कुठे वाचतो?

तापीखोरं

शेल्फ जाते. अँप्लिफायर सगळीकडून जात नाही, विक्रेत्याने दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत.

पैसा कुठे वाचतो ते आधी. ट्रान्सपाँडर असेल तर एका लिंकमागे राउटरची दोन ग्रे (साधी, कमी पल्ल्याची) मॉड्यूलं, ट्रान्सपाँडरच्या क्लायंट बाजूची दोन आणि लाइन बाजूची दोन, अशी सहा ऑप्टिक्स लागतात. झेडआरसारखं कोहेरंट (प्रकाशाची फेजही वाचणारं) मॉड्यूल राउटरमध्ये बसवलं की फक्त दोन उरतात. वर शेल्फ, तिची वीज, रॅकची जागा, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आणि सुटे भाग गेले. बचत इथेच आहे. फायबरचं भाडं एक रुपयानेही कमी होत नाही.

आता एकेक टप्पा बघा.

भुसावळ: इथे कोहेरंटची गरजच नाही. ट्रॅफिक शंभरच्या आत असेल तर १०० जी ईआर४ (साधं, कोहेरंट नसलेलं मॉड्यूल) लावा. ते १३०० नॅनोमीटरच्या आसपास चालतं, तिथे किलोमीटरला ०.३५ डीबी धरा: साधारण १० डीबी, कनेक्टरचे एक-दोन वेगळे. आरामात बसतं. मात्र ही वेव्हलेंग्थ सध्याच्या डीडब्ल्यूडीएम (अनेक वेव्हलेंग्थ एका फायबरवर) मक्समधून जाणार नाही, मॉड्यूल सरळ फायबरवर लावायचं.

धुळे-चाळीसगाव: रिकाम्या जोडीवर मक्स न लावता ० डीबीएमवालं (डीबीएम म्हणजे प्रकाशाची पॉवर) झेडआर प्लस, म्हणजे झेडआरचा जास्त ताकदीचा भाऊ, टाका. १५ अधिक कनेक्टरचा १, म्हणजे पलीकडे −१६ डीबीएम. विनाअँप्लिफायर वापरात अशी मॉड्यूलं साधारण −२० पर्यंत घेतात, तरी डेटाशीट बघूनच ऑर्डर द्या. साधं ४०० झेडआर इथे चालणार नाही. ते −१० डीबीएमने निघतं, पलीकडे −२६ पोचेल. या एका टप्प्यावर अँप्लिफायर खरोखर वाचतो. पुढे दुसरा चॅनल हवा झाला की मक्स येईल, आणि मक्सबरोबर अँप्लिफायरही.

जळगाव-धुळे: अँप्लिफायर लागणारच. २४ अधिक १ म्हणजे २५ डीबी. फायबरमध्ये चॅनलमागे +२ डीबीएम सोडले आणि प्रीअँपचा (रिसीव्हरआधीचा अँप्लिफायर) नॉइज फिगर ५.५ धरला, तर ओएसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते) = ५८ + २ − २५ − ५.५ = २९.५ डीबी; ५८ हा सूत्रातला ठरलेला आकडा. बूस्टर (पाठवण्याच्या बाजूचा अँप्लिफायर) आणि ट्रान्समीटरचा स्वतःचा नॉइज धरून झेडआरला २७.८ च्या आसपास उरतात, त्याला लागतात २६. झेडआर प्लसला साडेअठ्ठावीस उरतात आणि २४ पुरतात. म्हणजे एकाला पावणेदोन डीबीची फट, दुसऱ्याला साडेचारची. सुरत-नागपूर महामार्गाकडेला जेसीबी लागला की प्रत्येक कटमागे दोन जॉइंट वाढतात, ०.१ ते ०.२ डीबी जातात. दहा कटांत झेडआरची फट संपली. पाचोऱ्याच्या बाजूला तर आजच एक डीबी जास्त आहे. दोन्हीकडे झेडआर प्लसच घ्या.

भरीत_पुरी

वरचं गणित बरोबर आहे, पण बदली करताना घोळ होतो तो ईडीएफएवर. तुमचा बूस्टर स्थिर आउटपुट पॉवरवर ठेवलेला असेल, समजा +१७ डीबीएम, तर ८ चॅनलना प्रत्येकी ८ मिळतात. ते काढून एकच ४०० जी सोडलंत की सगळे १७ त्या एकट्याच्या वाट्याला. फायबरमध्ये नॉनलिनिअर परिणाम (जास्त पॉवरमुळे सिग्नल बिघडणं) सुरू होतात. रिसीव्हरवर पॉवर भरपूर दिसते, बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) मात्र बिघडतो, आणि माणूस दोन दिवस कनेक्टर पुसत बसतो. बूस्टर स्थिर गेनवर आणा आणि फायबरमध्ये जाणारी पॉवर +२ च्या आसपास बसवा.

डीसीएम काढून टाका. कोहेरंट रिसीव्हर डिस्पर्शन स्वतःच निस्तरतो. ९६ किमीला साधारण १६३० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर होतात, झेडआरदेखील २४०० पर्यंत घेतं. डीसीएम ठेवला तर फुकटचा लॉस.

१० जी आणि ४०० जी एकाच फायबरवर शेजारी ठेवू नका, १० जीचा ऑन-ऑफ सिग्नल कोहेरंटला त्रास देतो. तुमची तर रिंग आहे, मिसळायची वेळच येऊ देऊ नका. पहाटे दोन ते पाच ट्रॅफिक ८० जीच्या आत असतं. एका बाजूचं ट्रॅफिक दुसरीकडे वळवा, ती बाजू पूर्ण रिकामी करून बदला. त्या तीन तासांत रिंग उघडी असते, म्हणून दुसऱ्या बाजूला कुठे खोदकाम चालू नाही ना, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

१०० गिगाहर्ट्झचा मक्स चालेल, ५० चा असता तर बदलावा लागला असता. ४०० जीचा सिग्नल ६० गिगाबॉडचा, तो ५० मध्ये मावत नाही.

गिरणाकाठ

मस्त, भाऊ. डीसीएम आणि बूस्टरचं लक्षातच नव्हतं. राउटरच्या बाजूने काय बघू? आणि संरक्षण (एक बाजू तुटली की दुसरीकडे वळणं) आजवर ऑप्टिकल स्विचवर होतं, ते कशावर न्यायचं?

कळण्याची_भाकरी

पोर्ट क्यूएसएफपी-डीडी (४०० जी मॉड्यूलचा साचा) आहे एवढ्यावर जाऊ नका. झेडआर प्लसला २० वॉटच्या आसपास लागतात. पोर्ट तेवढे देत नसेल तर मॉड्यूल लो-पॉवरमध्येच बसून राहतं. काही राउटरमध्ये शेजारचा पोर्ट रिकामा ठेवावा लागतो, मग तुमची पोर्टची मोजणी चुकते. मॉड्यूलची केस ७० अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यात जळगावला बाहेरच ४५ असतात. वीज गेल्यावर राउटर बॅटरीवर चालू आणि एसी बंद, ही अवस्था किती वेळ टिकते ते आत्ताच मोजा. रिकाम्या स्लॉटना झाकणं लावा, फॅनच्या जाळ्या महिन्याला झाडा.

दोन्ही टोकांना फ्रिक्वेन्सी आणि एफईसी (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) एकच हवेत. एकीकडे सीएफईसी, दुसरीकडे ओएफईसी (एफईसीचेच दोन प्रकार) झालं तर प्रकाश दिसतो, लिंक येत नाही. अलार्म आरएक्स (आत येणाऱ्या) पॉवरवर नको, प्री-एफईसी (दुरुस्तीआधीच्या) बीईआरवर लावा. ओएफईसी २ × १०⁻² पर्यंत दुरुस्त करतं, १ × १०⁻² ला माणूस जागा झाला पाहिजे.

संरक्षण आयपीवर न्या: सेगमेंट राउटिंग (पॅकेटची वाट राउटरनेच आखून देणं), टीआय-एलएफए (आधीच मोजून ठेवलेली पर्यायी वाट), जोडीला बीएफडी (लिंक तुटल्याचं चटकन ओळखणारा प्रोटोकॉल). ५० मिलिसेकंदांत वाट बदलते. ऑप्टिकल स्विच ठेवलात तर कोहेरंट मॉड्यूल नव्या वाटेवर पुन्हा लॉक व्हायला वेळ घेतं, तेवढ्यात ग्राहकांचे फोन सुरू.

जळगाव पीओपीतून (तुमच्या तिथल्या केंद्रातून) धुळ्याची आणि पाचोऱ्याची केबल पहिले दोन-तीन किलोमीटर एकाच डक्टमधून जात नाही ना, तेही बघा. जात असेल तर त्या तुकड्यावर टीआय-एलएफए काही करू शकत नाही.

तापीखोरं

एक राहिलं. ओडीएफवर (फायबर जोडायची चौकट) हिरवे एपीसी (तिरक्या टोकाचे) आणि निळे यूपीसी (सरळ टोकाचे) कनेक्टर मिसळलेले असतील तर आधी ते निस्तरा. हिरवा निळ्यात खुपसला की एका जोडणीत दोन-तीन डीबी सहज जातात, आणि विनाअँप्लिफायर चाळीसगावला हाताशी चारच आहेत.